चित्रकला हे औषध नव्हे

शाळेतून गळण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी काही करायचं म्हटलं की चर्चा फिरून फिरून कलेपाशी येते. पोलिसांच्या दप्तरात नाव गेलेली मुलं, घरात रोजची मारहाण पाहणारी मुलं, आईवडिलांविना वाढणारी मुलं, वर्गात शेवटच्या बाकावर बसून हजेरीपुरती उरलेली मुलं. त्यांना कागद द्या, रंग द्या, मन मोकळं करू द्या, असं सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण या बोलण्यात एक चूक दडलेली आहे आणि तिची किंमत मुलं मोजतात. इतर मुलांना आपण चित्रकला शिकवतो, या मुलांवर मात्र आपण चित्रकलेचा उपचार करायला जातो. एकदा उपचार म्हटला की शिकवणं पातळ होतं, अपेक्षा खाली येते, कामाचा दर्जा कुणी पाहत नाही. आणि आपल्याकडून कमी अपेक्षा ठेवली जाते आहे, हे या मुलांना सगळ्यांत आधी कळतं.

मला वाटतं, या मुलांना कला पुरती शिकवावी, अवघड करून शिकवावी, आणि शिकलेलं वापरायला चारचौघांच्या नजरेसमोरचं खरं काम त्यांच्या हाती द्यावं. लोकांबरोबर मिळून भिंती रंगवण्याचं महत्त्व मला वाटतं ते यासाठी. वस्ती सुंदर दिसते हा त्यातला छोटा फायदा.

आधी एका लोकप्रिय युक्तिवादाविषयी बोलायला हवं. चित्र काढणाऱ्या मुलाचं गणित सुधारतं, वाचन सुधारतं, असं सांगितलं की वेळापत्रकात तास मिळतो, देणगीदार तयार होतो. त्यामुळे कलेची बाजू घेणारे हेच सांगत राहतात. हा आधार कच्चा आहे. एलन विनर आणि लोइस हेटलंड या अमेरिकन संशोधकांच्या गटाने १९५० पासूनच्या १८८ अभ्यासांची छाननी करून २००० साली निष्कर्ष मांडले. कला शिकणाऱ्या मुलांचे गुण जास्त असतात हे त्यांना दिसलं. कला शिकल्यामुळेच ते वाढले, हे मात्र नाट्य शिकल्याने भाषा सुधारणं यांसारख्या दोन-तीन जोड्या सोडल्या तर सिद्ध होत नव्हतं. ज्या घरातलं मूल चित्रकलेच्या वर्गाला जातं, त्या घरात बहुधा पुस्तकंही असतात आणि अभ्यासाला बसवणारं कुणीतरीही असतं. कलाप्रेमींना हा निष्कर्ष रुचला नाही. पण पुढे याच संशोधकांनी चांगल्या चित्रकला वर्गांत बसून, मुलं तिथे नेमकं काय शिकतात ते टिपलं. निरखून पाहणं, अडलं तरी सोडून न देणं, समोर नसलेलं डोळ्यांपुढे उभं करणं, आपल्या कामाविषयी आणि दुसऱ्याच्या कामाविषयी बोलणं. या गोष्टी गणिताच्या पेपरात दिसत नाहीत, म्हणून त्या कमी मोलाच्या ठरत नाहीत.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला एक प्रयोग मला अधिक भरवशाचा वाटतो. ४२ शाळांपैकी कुणाला कलेचे जादा उपक्रम मिळणार हे तिथे सोडत काढून ठरवलं होतं. बाहेरचे कलावंत आणि कलासंस्था शाळांत येऊन काम करत होत्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिस्तभंगाची नोंद होण्याचं प्रमाण दर शंभर मुलांमागे ३.६ ने घटलं, लेखनाचे गुण वाढले आणि दुसऱ्याविषयीची कणवही थोडी वाढली. आकडे माफक आहेत. एवढ्या माफक आणि खऱ्या आकड्यांवर आपण समाधान मानायला शिकलं पाहिजे, कारण चमत्काराचा दावा केला की दोन वर्षांत चमत्कार न दिसल्यामुळे वर्गच बंद पडतो.

आता वर्गात काय होतं ते जवळून पाहू. समोर एक खुर्ची ठेवली आहे आणि ती काढायला सांगितलं आहे. एक मूल हमखास असं असतं की पहिली रेघ मारतं, खोडतं, पुन्हा मारतं, पुन्हा खोडतं. खोडरबराने घासून घासून कागदाला भोक पडतं, मग तो चुरगाळून फेकला जातो आणि ‘मला नाही येत’ म्हणून मूल मान फिरवून बसतं. शिक्षक जवळ येऊन ‘अरे, छान तर होतं की!’ म्हणतात. ते छान नव्हतं हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मोठी माणसं आपल्याशी खरं बोलत नाहीत, हा त्याचा जुनाच अनुभव, त्यात आणखी एकाची भर पडते.

तिथे एक साधी युक्ती कामाला येते. खुर्ची काढू नकोस, खुर्चीच्या पायांमधली मोकळी जागा काढ. पाय काढायला बसलं की ‘चारही पाय सारखे असतात’ हे डोक्यातलं ज्ञान डोळ्यांना पाहू देत नाही. मोकळ्या जागेबद्दल डोक्याला काही ठाऊक नसतं, म्हणून ती जशी दिसते तशी कागदावर उतरते. मग हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंचीची आणि रुंदीची तुलना करायची. अर्ध्या-पाऊण तासात कागदावर खुर्ची उभी राहते. जराशी कलती, पण जमिनीवर टेकलेली. त्या क्षणी पाठ थोपटून पुढे जाऊ नये. मागचा पाय पुढच्यापेक्षा लांब झालाय का, तूच मोजून सांग, असं विचारावं. मूल मोजतं, कपाळाला आठ्या घालतं, तेवढाच पाय खोडून पुन्हा काढतं. या वेळी कागद फाटत नाही.

एवढंसं तंत्र शिकवण्यात जो आदर आहे, तो ‘मनात येईल ते काढ’ म्हणण्यात नाही. मनात येईल ते काढायला सांगितलं की ज्याच्या हाताला काहीच येत नाही ते मूल डोंगर, सूर्य आणि घर काढतं, किंवा टीव्हीवरचा एखादा चेहरा गिरवतं, आणि आपल्या मनात काही नाही असा समज करून घेऊन उठतं. व्यक्त व्हायलाही हत्यारं लागतात.

याचा सगळ्यांत कठोर दाखला इतिहासात आहे. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही बाउहाउस या जर्मनीतल्या नामांकित कलाशाळेत शिकलेली चित्रकार. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला तेरेझिनच्या छळवस्तीत धाडलं. तिथे तिने कोंदट खोल्यांतून मुलांचे वर्ग घेतले. उद्या कुणाचं नाव मृत्युछावणीकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीच्या यादीत येईल याचा नेम नाही, कागद मिळेल तो वापरायचा, अशी स्थिती होती. तरी तिने मुलांकडून रेषेचे आणि लयीचे सराव करून घेतले, चिकटचित्रं (कोलाज) करून घेतली, थोरांच्या चित्रांची रचना अभ्यासायला लावली. कागदावर मुलं स्वतःच्या नावाने सही करत. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्याआधी तिने दोन बॅगांमध्ये जवळपास ४,५०० चित्रं लपवून ठेवली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत. तिथेसुद्धा तिला रचना आणि छायाप्रकाश शिकवावासा वाटला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मुलं दुःखी आहेत म्हणून त्यांना सोपं काहीतरी द्यावं, असं तिला वाटलं नव्हतं.

दुसरी चूक मुलं निवडण्यात होते. ‘बिघडण्याची शक्यता असलेली’ मुलं वेगळी काढायची, त्यांचा वेगळा गट करायचा आणि त्या गटासाठी उपक्रम चालवायचा, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. विचारायला हवा. अमेरिकेतल्या केंब्रिज आणि समरव्हिल या गावांत १९३९ साली ५०६ मुलग्यांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं. निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला तेव्हा मदत मिळालेल्यांची गत कित्येक बाबतींत जास्त वाईट निघाली. पुढे अधिक खोलात गेल्यावर दिसलं, की सर्वांत जास्त नुकसान पुन्हा पुन्हा शिबिराला पाठवलेल्या मुलांचं झालं होतं. १९९९ साली त्यांनी थॉमस डिशियन आणि एका सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या लेखात याचं कारण मांडलं. वाटेवरून घसरू पाहणाऱ्या मुलांनाच एकत्र बसवलं की ती एकमेकांच्या बढायांना दाद देतात आणि त्या दादेतून शिकत जातात.

म्हणजे नुसतं एका खोलीत जमवून रंग वाटणं निरुपद्रवी असतं असंही नाही. गट मिसळलेला हवा. त्यात गुणवान म्हणून ओळखलं जाणारं मूल हवं, शेजारच्या इमारतीतली निवृत्त बाई हवी, व्यावसायिक चित्रकार हवा, गवंडी हवा. आणि सगळ्यांचं लक्ष मुलांच्या ‘समस्ये’वरून उठून समोरच्या कामावर गेलेलं हवं. अशी संधी सामूहिक भित्तिचित्रात आपसूक मिळते.

लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार ज्युडी बाका यांनी हे फार आधी ओळखलं. १९७० साली त्यांनी चार एकमेकांच्या वैरी टोळ्यांतली वीस मुलं गोळा केली आणि हॉलेनबेक पार्कमधल्या वाद्यवृंदाच्या मंचावर हात पसरलेली एक भलीमोठी आजी रंगवली. पुढे तुहुंगा वॉश या पूरनियंत्रणाच्या काँक्रीट कालव्याची भिंत त्यांच्या हाती आली. १९७६ च्या पहिल्या उन्हाळ्यात न्याययंत्रणेकडून आलेली ८० मुलं कामावर होती, आणि त्यांच्यासोबत दहा चित्रकार आणि पाच इतिहासकार. हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं. मुलांना सांभाळायला पहारेकरी नव्हते, शिकवायला जाणती माणसं होती. एका उन्हाळ्यात हजार फूट भिंत झाली. १९८३ पर्यंत पाच उन्हाळे काम चाललं, चारशेहून जास्त मुलांचे हात लागले आणि सुमारे २,७५० फूट लांबीचं चित्र उभं राहिलं. कॅलिफोर्नियाचा प्रागैतिहासिक काळापासून १९५० च्या दशकापर्यंतचा इतिहास त्यात आहे, आणि तो पाठ्यपुस्तकातून वगळलेल्यांचा इतिहास आहे: छावण्यांत डांबलेले जपानी अमेरिकन, हाकलून दिलेले मेक्सिकन, जमिनी गमावलेले मूळ रहिवासी. ज्या मुलांना शाळेच्या इतिहासात आपलं कुणी सापडलं नव्हतं, ती मुलं इतिहासकारांना प्रश्न विचारत होती. आणि या कामाचा त्यांना पगार मिळत होता.

भिंतीचं काम कागदापेक्षा वेगळं कसं पडतं, तेही सांगायला हवं. पहिले कित्येक दिवस चित्र नसतंच. पोपडे खरवडायचे, भेगा भरायच्या, ओल कुठून येते ते शोधायचं, धुऊन वाळवायचं, मग प्रायमर. ज्या मुलाने कधी गृहपाठ पुरा केला नाही ते मूल इथे खरवडणं टाळून प्रायमर लावायची घाई करतं, आणि आठवड्याने तेवढाच तुकडा सुटून हातात येतो. त्याला कुणी रागवावं लागत नाही. पुढे छोट्या आराखड्यावर चौकटी आखायच्या, ओळंबा धरून, दोरी मारून त्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करायच्या. इथे गुणोत्तर कळलंच पाहिजे, नाहीतर कपाळ एका चौकटीत आणि डोळा भलत्याच चौकटीत जातो.

मग परांचीवर चढायचं. हातभर अंतरावरून डोळा म्हणजे तपकिरी, करडा आणि पांढरट असे तीन-चार ठिपके असतात. चेहरा दिसतच नाही. उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या फुटपाथवरून पाहावं लागतं. पुन्हा वर चढून एक ठिपका बोटभर सरकवायचा, पुन्हा खाली. दिवसातून वीस वेळा तरी हे होतं. आपण केलेलं लांबून, दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहण्याची ही सवय उपदेशाने लागणारी नाही. त्यातच जाणारा-येणारा थांबतो आणि नाक वाकडं झालंय म्हणतो. दुसरी बाई विचारते, आमच्या गल्लीतल्या कुणाचा चेहरा का नाही घेतला? मुलाला उत्तर द्यावं लागतं. ज्या मुलाला आजवर मोठ्यांनी फक्त ‘इथे काय करतोस?’ एवढंच विचारलं, त्याला आता ‘हे असं का केलंस?’ असं विचारलं जातं. माझ्या लेखी या दोन प्रश्नांमधल्या अंतरातच सगळा उपक्रम आहे.

पगाराचा मुद्दा अनेकांना खटकतो. मुलांना पैसे दिले तर कलेचं पावित्र्य जातं, किंवा मुलं पैशासाठीच येतील, असं म्हटलं जातं. येऊ देत की पैशासाठी. शिकागोने १९९१ साली शहराच्या मध्यावरच्या रिकाम्या भूखंडावर तंबू ठोकून तरुण मुलांना उमेदवार कलाकार म्हणून पगारावर घेतलं. ‘गॅलरी ३७’ हे त्या उपक्रमाचं नाव. त्याच शहरात पुढे उन्हाळी रोजगाराच्या एका योजनेची काटेकोर चाचणी झाली आणि २०१४ साली तिचे निष्कर्ष आले: सोडतीने निवडलेल्या, आठ आठवडे किमान वेतनावर काम केलेल्या मुलांमध्ये पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. त्या योजनेचा कलेशी संबंध नव्हता. काम होतं, वेतन होतं आणि कामावर एक लक्ष देणारं प्रौढ माणूस होतं. कलेचे उपक्रम आखणाऱ्यांनी हे तिन्ही उचलावं. घरी दोन पैसे नेणाऱ्या मुलाला इथे यायला घरातूनच मोकळीक मिळते. नाहीतर तीन दिवसांनी त्याला दुसऱ्या कुठल्यातरी कामाला जुंपलं जातं.

आक्षेपांपैकी एक मी गंभीरपणे घेतो. वाचताही न येणाऱ्या मुलाला चित्र काय शिकवता, आधी अक्षरं शिकवा. वाचन आलंच पाहिजे, यात मुळीच दुमत नाही. पण ही निवड करावी लागते असं गृहीत धरणं चुकीचं आहे. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात टिम रॉलिन्स या तरुण शिक्षकाकडे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अशीच मुलं सोपवली गेली. तो एक पुस्तक मोठ्याने वाचायचा, ऐकता ऐकता मुलं चित्रं काढायची. मग पुस्तकाची पानंच कॅनव्हासवर चिकटवून त्यांवर एकत्र चित्र उभं करायचं. चित्रासाठी पुस्तक समजून घ्यावं लागे, त्यावर भांडावं लागे. या गटाने ‘किड्स ऑफ सर्व्हायव्हल’ हे नाव घेतलं आणि त्यांची चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयापर्यंत पोहोचली. शिक्षकाचं नाव पुढे आणि मुलं मागे, अशी टीकाही झाली. ती टीका ऐकून घेण्यासारखी आहे, कारण श्रेय कुणाचं आणि विकलेल्या चित्राचा पैसा कुणाचा, हे प्रश्न सुरुवातीलाच लिहून ठरवले नाहीत तर मागाहून कडवटपणा येतो.

श्रेयाचाच विषय निघाला आहे तर आणखी एक. सामूहिक म्हणवणाऱ्या कित्येक भिंती प्रत्यक्षात एका चित्रकाराच्या असतात. आराखडा त्याचा, रंग त्याचे, मुलांना फक्त कोणता रंग भरायचा त्याचे अंक घातलेले कप्पे भरायला मिळतात, आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांसोबत फोटो. अंकांचे कप्पे हे तंत्र म्हणून वाईट नाही. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंतींवर नावं-अक्षरं (ग्राफिटी) खरडणाऱ्या मुलांना हाताशी धरून जो उपक्रम सुरू झाला, तिथे चित्राचे तुकडे पातळ कापडावर रंगवून नंतर भिंतीला चिकटवतात, त्यामुळे परांचीवर चढू न शकणारी म्हातारी माणसं आणि तुरुंगातले कैदीही त्यात भाग घेऊ शकले. प्रश्न कप्पे कोण भरतं हा नाही. काय काढायचं, कशाला ‘नाही’ म्हणायचं, हे ठरवताना मुलांच्या मताला वजन होतं का, हा आहे. नसेल तर मुलं फुकटचे मजूर आहेत, आणि त्यांना ते समजतं.

तसंच पैसे गोळा करताना मुलांच्या कहाण्या सांगणं थांबवावं. वडील तुरुंगात, आई व्यसनी, आणि आता पाहा, हे सुंदर चित्र. मूल त्या सभेत बसलेलं असतं. भिंतीवर त्याचं नाव लिहा, चित्राखाली त्याचा हात कुठे लागला ते लिहा. त्याच्या घरात काय घडलं ते कुठेच लिहू नका, ते सांगायचं की नाही हे मोठं झाल्यावर त्याचं तो ठरवेल.

शेवटचा मुद्दा देखभालीचा. उघड्यावरचा रंग ऊन-पावसात फिका पडतो, गिलावा सुटतो. तुहुंगा वॉशच्या भिंतीचीही तीच गत झाली आणि २०११ साली तिचं पूर्ण नूतनीकरण करावं लागलं. बहुतेक उपक्रमांच्या अंदाजपत्रकात उद्घाटनानंतरचा एक पैसाही धरलेला नसतो. मग दोन-चार वर्षांनी पोपडे धरलेली भिंत पालिका एका दिवसात पांढरी करून टाकते, रंगवणाऱ्या मुलांना कळवलंही जात नाही. तेव्हा भिंतीची परवानगी मागतानाच ती किमान किती वर्षं राहील हे लेखी घ्यावं. पहिल्या वर्षाच्या रंगासोबत पाचव्या वर्षाच्या डागडुजीचा खर्च धरावा, आणि त्या डागडुजीला आधीच्या मुलांना पगार देऊन, नव्या मुलांचे शिक्षक म्हणून बोलवावं.